बेसनाचा भंडारा

आमदारकी पाच वर्षांची असते, असं चतुराबाईला सांगणाऱ्या सगळ्यांना एकदा ओळीनं उभं करून जाब विचारायला हवा होता. अठ्ठ्याहत्तर साली तिचे मालक दिनकरराव निवडून आले, तेव्हा सोनपेठेपासून गावापर्यंत गुलाल इतका उधळला की बैलंसुद्धा लाल झाली. आणि ऐंशीच्या फेब्रुवारीत बघावं तर विधानसभा बरखास्त, आमदारकी गेली आणि मे महिन्यात पुन्हा दारोदार हात जोडणं आलं. तेही असल्या उन्हात, की कुत्रं सावली सोडायला तयार नाही.

बरं, माणसानं कामं केली नव्हती का? कालव्याची चारी आणली. एस.टी. गावात आणली, आधी ती फाट्यावरूनच तोंड फिरवून जायची. आता त्याच एस.टी.त बसून बाजाराला जाणारी माणसं वाटभर दिनकररावांनाच शिव्या घालायची. कारण एकच, नामांतर.

अठ्ठ्याहत्तरच्याच जुलैत मुंबईला सभागृहात ठराव आला होता, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. ठराव तिकडं आवाजी मतानं मंजूर झाला आणि आग इकडं लागली. नाव काही बदललं नाही, गरिबांची घरं मात्र जळाली. गावच्या बौद्धवाड्यात सारजाबाईचं घर होतं. चतुराबाईची सगळी बाळंतपणं हिनंच केलेली. ते घरही गेलं. दिनकरराव मुंबईहून धावत आले, तिच्याशेजारी राखेत बसून राहिले, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. ठरावाला आपण होय म्हणालो की नाही, हे गाव विचारत राहिलं आणि ते पावसापाण्याचं बोलत राहिले. फक्त बायकोला त्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या सांगितलं होतं.

"होय म्हणलो मी. चांगलं मोठ्यानं म्हणलो."

"गप बसा," चतुराबाई म्हणाली होती. "भायेर बोलू नका." आणि ते खरंच गप्प बसले.

त्यांच्या गप्प बसण्याचा फायदा घेतला चंद्रभाननं. हा दिनकररावांचा प्रचार सांभाळणारा माणूस. पोटात काही ठेवायचं नाही आणि ओठावर खरं येऊ द्यायचं नाही, असा त्याचा स्वभाव. त्यानं गावोगाव सोडून दिलं, "ठराव आला त्या टायमाला सायेब चहा प्यायला भायेर गेलते." लोकांनाही तेच ऐकायचं होतं. निम्म्यांनी विश्वास ठेवला, निम्म्यांनी ठेवल्यासारखं केलं.

अडून बसले ते आबासाहेब. वयानं मोठे, जमीनजुमला मोठा, आणि त्यांनी मान हलवली की आजूबाजूची चार गावं त्याच बाजूला मतं टाकणार. ते दिनकररावांच्या ओसरीवर आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "दिनकरराव, मला चहाचं काय सांगू नका. शनिवारी खंडोबाच्या पायरीवर बेलभंडारा उचला आन म्हणा, मी होय म्हणलो न्हाई. मंग गाव तुमचं."

आता बेलभंडारा म्हणजे काय चेष्टा नाही. बांधाचं भांडण असो, चोरीचा आळ असो, तळहातावर बेलाचं पान आणि देवाचा भंडारा घेऊन जे बोलायचं ते खरंच बोलायचं. परभणीच्या कोर्टात खुशाल खोटं बोलणारी माणसं त्या पायरीवर घाम पुसायला लागायची. रीत अशी, की ताट उचलणाऱ्याच्या घरून यावं आणि घरच्या बाईनं आपल्या हातानं भरावं.

आबासाहेब गेल्यावर दिनकरराव खाटेवर आडवे झाले. "संपलं," म्हणाले.

"संपलं कशानं?" कोपऱ्यात बसलेला चंद्रभान पुढं सरकला. "वैनी, डाळीचं पीठ हाय का घरात?"

"भूक लागली का तुमाला?"

"भूक न्हाई वो. ताटात भंडाऱ्याच्या जागी बेसन भरा. जिलबीत घालायचा पिवळा रंग मी आणून देतो. बेसनावर हात ठिवून काय बी बोललं तरी देव कशाला कोपतोय?"

"मंग घरची हळद घाला की," चतुराबाई म्हणाली.

"हळद नको! हळद घरची असली तरी पायरीवर गेली की भंडारा झाली. बेसनाचा कुठं भंडारा होतो?" असा त्याचा हिशेब. वकील व्हायचा हा माणूस, चुकून शेतकऱ्याच्या घरात जन्मला.

दिनकरराव हो म्हणाले नाहीत आणि नकोही म्हणाले नाहीत. ती दोन वर्षांची सवयच लागली होती त्यांना. मग ठरवायचं कुणी? चतुराबाईनं.

आणि खरं सांगायचं तर तिला ती आमदारकी पाहिजे होती. लोक तिला आमदारीणबाई म्हणायचे ते तिला आवडायचं, का आवडू नये? पण त्याहून जास्त म्हणजे नवऱ्याचे हाल तिला बघवत नव्हते. भर बाजारात कुणी त्यांच्या अंगावर चप्पल भिरकावली होती. जेवता जेवता घास हातात धरून ते बघत बसायचे. एक वाक्य खोटं बोललं की हे सगळं मिटणार होतं. सारजाबाईच्या कानावर ते वाक्य जाईल, हेही तिला कळत होतं. कळत असूनच तिनं शनिवारी सकाळी बेसन चाळलं, त्यात रंग कालवला, वर बेलाची पानं मांडली. दिनकररावांनी चिमूट उचलून जिभेला लावली. कच्च्या डाळीची चव. त्यांनी मान हलवली आणि टोपी घातली.

देवळापुढं मुंगीला जागा नव्हती. बायका एका अंगाला पदर सावरून उभ्या. बौद्धवाड्यातली माणसं रस्त्यापलीकडं लिंबाखाली, त्यात सारजाबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं आजवर केवळ भरवशावर सगळ्यांना ठासून सांगितलं होतं, आपला आमदार आपल्या बाजूनं बोलला म्हणून. चतुराबाईनं तिकडं बघायचंच नाही असं ठरवलं, आणि पहिल्यांदा तिकडंच बघितलं.

दिनकरराव पायरीवर चढले. ताटातून मूठ भरली, वर पान ठेवलं. हात अजिबात हलत नव्हता. कसा हलेल? हातात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं.

"म्हणा," आबासाहेब म्हणाले. "खंडोबाच्या साक्षीनं, मी त्या ठरावाला होय म्हणलो न्हाई."

"खंडोबाच्या साक्षीनं..." दिनकरराव म्हणाले आणि थांबले.

चतुराबाईनं टाचा उंचावून बघितलं. विसरले की काय? एवढंसं वाक्य!

"आबासाहेब," ते म्हणाले, "मी चहाला गेलतो हे खोटं हाय. मी आत होतो. होय म्हणलो. उद्या पुन्ना इचारलं तरी होयच म्हणीन. घरं जाळणारांनी आपल्या मराठवाड्याच्या नावानं जाळली, त्याची मला लाज वाटायलीय. आता मत द्यायचं तर द्या."

गर्दीतली म्हातारी तानुबाई कपाळाला हात लावून ओरडली, "बगा, बगा भंडाऱ्याची ताकद! देवानं खरं वदवून घेतलं गं माय!" झालं! सगळ्या गर्दीनं हात जोडले, येळकोट येळकोट सुरू झालं. आबासाहेबांनीही टोपी काढून देवाला नमस्कार केला आणि दिनकररावांकडं न बघता निघून गेले. चंद्रभान ताटाकडं बघून पुटपुटला, "चांगलं बेसन वाया गेलं की वो."

निवडणूक गेली. जायचीच होती. विरोधी उमेदवार प्रत्येक सभेत सांगायचा, देवाच्या पायरीवर आमदारांचं पितळ उघडं पडलं म्हणून. परभणीला मोजणी झाली, दिनकरराव गळ्यात हार नसताना एस.टी.नं परत आले आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

"का म्हणलात वो?" चतुराबाईनं विचारलं. "बेसन हाय हे ठावं होतं की तुमाला."

"ठावं होतं म्हणूनच गं," ते म्हणाले. "खोटं बोलायलाच उभा राहिलतो. पर हातात पीठ, समोर एवढी माणसं हात जोडून... माझी मलाच लय किळस आली."

चतुराबाईला तेव्हा नवऱ्याचा असा अभिमान वाटला, की गुलालाच्या दिवशीही वाटला नव्हता. आणि तो सांगायचा कुणाला? विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, एस.टी.त, जिथं जावं तिथं बायका तेच म्हणायच्या: भंडाऱ्यानं वदवलं, नाहीतर पुढारी कुठं खरं बोलतोय! तिच्या जिवाची नुसती आग व्हायची. अगं बायांनो, देवाचा काही संबंध नाही, माणूस आपल्या मनानं बोलला! पण तसं सांगायचं तर बेसनाचं सांगावं लागणार. मग ज्या एका खऱ्या शब्दासाठी त्यांनी सगळं घालवलं, तोही जायचा.

शेवटी राहवेना. सारजाबाई त्यांच्या शेतात कापूस वेचणीला आली होती, बांधावर भाकरी सोडून बसली होती. चतुराबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. पीठ, रंग, चंद्रभान, सगळं.

"म्हणजे सारजामाय, देवाच्या धाकानं न्हाई बोलले ते," ती म्हणाली. "कुणाला तरी हे ठावं असावं म्हणून सांगायले."

सारजाबाईनं घास गिळला. "बाई, आमी कवाच सोडला तुमचा देव आन तुमचा भंडारा. मी ताट बघायला आलेच नव्हते. ते काय बोलतेत तेवढं ऐकायला आले होते. ऐकलं, आन घरी गेले."

चतुराबाईला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. सारजाबाईनं तिला डोळे पुसू दिले.

"पर एक इचारू?" ती मग हळूच म्हणाली. "घरच्या बाईनं भरायचं असतंय ना ते ताट?"

चतुराबाईनं मान खाली घातली.

"मीच भरलं, सारजामाय," ती म्हणाली.