दहाव्या ट्रेवरच्या फुल्या

मावशीच्या भाच्याचे लग्न ठरून मोडले, त्या वर्षी मी जन्मलो. लग्नातल्या खाऊसाठी आणलेला पत्र्याचा डबा रिकामाच राहिला होता. भाच्याने त्याला वरून अंड्याच्या बुडाएवढे भोक पाडले, कडेने रबर लावले आणि आत बल्ब बसवला. मित्रांनो, मी अंडी तपासायचा एक जुना दिवा आहे.

भाच्याची लहानशी कंपनी होती. फ्लूचा विषाणू सारखा रूप बदलतो, म्हणून लसही बदलत राहावी लागते. भाच्याला सगळ्या जातींना पुरून उरेल अशी एकच लस करायची होती. लस दिलेल्या जनावरांच्या रक्तातले पाणी विषाणूत मिसळून ते उबवणीच्या अंड्यांत टोचत. लस लागू पडली तर आतले पिल्लू जगे, नाहीतर मरे.

अंधाऱ्या खोलीत मावशी एकेक अंडे माझ्यावर धरी. लाल शिरांचे जाळे दिसले की जिवंत. शिरा विरून नुसती काळी गुठळी दिसली की मेलेले. मग ती कवचावर पेन्सिलीने फुली मारी. मावशी शाळेत फारशी गेली नव्हती, पण तिची फुली कधी चुकली नाही. या डब्याला डोळे आहेत, असे लोक माझ्याबद्दल म्हणत. डोळे खरे तिचे होते.

पुढे एका मोठ्या कंपनीने ही कंपनी घ्यायचे ठरवले. किंमत ठरवायला करड्या कोटातले एक गृहस्थ आले. यंत्रे, टेबले, कागद पाहून ते म्हणाले की खरी किंमत लसीची आहे. ती चाचणीतल्या दहाही जातींवर चालली तर तीसच्या तीस माणसे कामावर राहतील. नाहीतर निम्मी घरी जातील.

त्याच सकाळी दहा जातींचे दहा ट्रे माझ्यापुढे आले. नऊ जगले. दहाव्यातले पहिले अंडे आले. फुली. दुसरे. फुली. मी तापून चटके देत होतो, तरी मावशीने हात मागे घेतला नाही. ट्रेतल्या दहाही अंड्यांवर फुल्या पडल्या.

भाचा खोडरबर घेऊन आत आला. दाराबाहेर करडा कोट चहा पीत उभा होता.

"उबवणीच्या पेटीतला कप्पा गार पडला होता असं लिहू. हा ट्रे धरायचाच नाही."

"नववा त्याच कप्प्यात होता. तो बरा जगला?"

"माणसं घरी बसतील गं, मावशी. निदान चार फुल्या तरी खोड."

"खोडते की. पिल्लं उठून बसतील का?"

तेवढ्यात दार उघडले. गृहस्थांनी एक अंडे माझ्यावर धरून पाहिले आणि आपल्याला यातले काही कळत नाही, तुम्हीच सांगा, म्हणाले. मावशी भाच्याकडे बघत राहिली. त्याने खोडरबर खिशात टाकले.

"दहाही मेलीत," तो म्हणाला.

कंपनी निम्म्या किमतीला गेली. पंधरा माणसे घरी बसली, आणि भाचा मावशीशी वर्षभर बोलला नाही. सामानाच्या यादीत माझ्यापुढे लिहिले होते: किंमत शून्य. कॅमेऱ्याचे यंत्र आले आणि मी कपाटावर गेलो. माझ्यात पालीने अंडी घातली. ती मात्र कोणी तपासली नाहीत.

चार वर्षांनी दहाव्या जातीसाठी सुधारलेल्या लसीचा ट्रे तयार झाला. यंत्र म्हणाले, सात जिवंत. भाच्याने मला खाली काढले, स्वतःच्या सदऱ्याने पुसले आणि काठी टेकत आलेल्या मावशीपुढे ठेवले. ती एका अंड्यापाशी फार वेळ थांबली.

"आठ," ती म्हणाली. "हे मेलं नाही. झोपलंय."

मित्रांनो, जुना दिवा पुसत जा. आणि त्याने नको ते दाखवले म्हणून त्याच्यावर रागावू नका.

मावशी त्याच हिवाळ्यात, जानेवारीच्या एकवीस तारखेला सकाळी वारली. तिला फ्लू झाला होता, दहाव्या जातीचा. लस माणसांपर्यंत पोहोचायला अजून दोन वर्षे होती.