तीन खिळ्यांची टाच

बहिणीचं बाळंतपण उरकून वीस दिवसांनी मी घरी आले, तर दुकान बंद. दार उघडून आत जाते तो काय, घरधनी भर सकाळी कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसलेला. चामडं वाळून कडक झालेलं, हातोडीवर धूळ. मी पिशवी टाकली, दुकानाची फळी उघडली आणि तोंडाचा पट्टा सुरू केला.

"अहो, हातपाय मोडलेत का तुमचे? गिऱ्हाइकांना काय जेवायला माझ्या बहिणीकडं पाठवलं होतंत?"

त्यानं मान वर केली नाही. एवढंच म्हणाला, "दारात येताना खाली बघितलंस?"

"काय बघायचं खाली?"

"तो येतो. रोज सकाळी येऊन जातो. विहीरवाला."

विहिरी खोदणारा गेला हे मला वाटेतच कळलं होतं. दोर तुटला, खाली पडला, असं सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. माणूस भला होता, मी हळहळले होते. पण मेलेला माणूस आमच्या दारात कशाला येईल?

इथं आमच्या माणसाचं कसब सांगायला हवं. गावातल्या निम्म्या पायांत त्याच्या हातच्या चपला, ट्रकच्या जुन्या टायरचे तळ कापून केलेल्या. कुठला तळ कुठं झिजला, कुठं ठिगळ लागलं, सगळं त्याला पाठ. धुळीतला ठसा बघून कोण शेताकडं गेलं आणि कोण गुत्त्याकडं, ते तो बसल्या जागी सांगायचा. लोक मुद्दाम विचारायचे आणि पोट धरून हसायचे. एकीनं तर त्याच्या सांगण्यावरून नवऱ्याला गुत्त्यातून कान धरून आणला होता. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा तोरा होता.

"तू गेलीस त्याच्या चौथ्या दिवशी बकऱ्यांवाल्याच्या तीन बकऱ्या चोरीला गेल्या," तो सांगायला लागला. "मला ठसा बघायला नेलं. डाव्या टाचेला ठिगळ, त्याला तीन खिळे. मीच मारलेले. माझ्या तोंडून नाव निघून गेलं."

"मग?"

"मला वाटलं, चौकीवर कळवतील. तर म्हणाले, चौकीत दिला की आठ दिवसांत सुटून छाती काढून फिरेल, आपणच बघू. मी गप्प बसलो." मग थांबून म्हणाला, "नुसता गप्प नाही बसलो. त्यांच्याबरोबर चालत गेलो."

विहीरवाला खाली अनवाणी खोदत होता. त्याला दोरानं वर घेतला आणि विचारपूस न करता मारायला सुरुवात केली. शिव्यांतून ठशाचं ऐकून तो ओरडत होता, माझ्या चपला काठावर आहेत, उलटून तरी बघा.

"त्या चपला माझ्या पायाशी होत्या गं. वाकलो असतो तर हात पुरला असता."

तिसऱ्या दिवशी तो गेला. पोलीस आले तेव्हा सगळ्या गावानं एका सुरात सांगितलं, दोर तुटला. आमच्या माणसानंही तेच सांगितलं.

मला हाताला धरून त्यानं दारात नेलं. धुळीत टाच उमटली होती. ठिगळ आणि तीन खिळे, अगदी ताजे. माझ्या अंगावर काटा आला, पण भुताच्या भीतीनं नाही. मला आठवलं होतं.

मी निघाले त्या सकाळी नवरा चामडं आणायला गेला होता, तेव्हा विहीरवाला आला. खुंटीवरचा नवा जोड घालून गेला, जुना इथंच टाकून. मागोमाग दूधवाल्याचा मेव्हणा आला, शेणातमातीत वापरायला काहीतरी जुनं द्या म्हणाला. मी तो जोड त्याच्या पायावर घातला. बाहेर गाडीवाला हाका मारत होता, आणि नवऱ्याला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. तो मेव्हणा रोज सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन आमच्याच दारावरून जातो.

मी हे बोलले आणि आमचा माणूस त्या ठशावर वाकून एकेक खिळा पुन्हा मोजायला लागला. माझ्या एका विसरण्यानं आणि त्याच्या एका शब्दानं माणूस गेला होता.

"म्हणजे तो हरामखोर होता तर!"

मागे बकऱ्यांवाला उभा होता. दुकान उघडं दिसलं म्हणून तुटका पट्टा शिवायला आलेला. मी त्याची बाही धरली, "अहो भाऊ, थांबा, आधी चौकीवर जाऊ." त्यानं हिसडा दिला आणि धावत सुटला.

आम्ही मागोमाग पोचलो तोवर पंधरावीस जण जमले होते. मेव्हण्याला फरफटत विहीरवाल्याच्या दारात आणलं होतं. त्यानं बकऱ्यांची कबुलीही देऊन टाकली होती. माणसं तीच होती, काठ्याही त्याच असाव्यात. विहीरवाल्याची बायको दारात धान्य चाळत बसली होती.

"वहिनी, खरा चोर हा," बकऱ्यांवाला म्हणाला. "आमच्याकडून चूक झाली. तुम्ही फक्त हो म्हणा, इथंच हिशेब चुकता करतो."

तिनं चाळण बाजूला ठेवली.

"त्या दिवशी कुणी विचारायला आलं नाही मला," ती म्हणाली. "आज बरी आठवण झाली. ह्याला मारलं म्हणजे तुम्हाला झोप लागेल, होय ना?"

बकऱ्यांवाल्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ह्याला चौकीवर न्यायचं. मी येते. तुम्हीपण चला सगळे. ह्यानं बकऱ्या चोरल्या ते सांगा, आणि माझ्या माणसाला कुणी कुणी मारलं तेही सांगा."

एकाला गुरं पाजायची आठवण झाली. दुसऱ्याच्या घरी पाहुणे आले होते. बकऱ्यांवाला काठी खाली टाकून सगळ्यात आधी वळला. बघता बघता अंगण रिकामं झालं. उरलो आम्ही दोघं, ती आणि तो चोर. त्याला पळायला आता सगळी वाट मोकळी होती, पण गावातून जायची त्याची छाती नव्हती. तिच्या पदराआडून चालावं तसा तो तिला चिकटून चालला. तिनं वाटभर त्याच्याकडं बघितलं नाही.

चौकीतल्या हवालदारानं कागद ओढला, पेन झटकलं आणि विचारलं, "हं. चोराचं नाव सांगा."

आमचा माणूस पुढं झाला. मी आल्यापासून पहिल्यांदा त्याचा आवाज नीट निघाला.

"चोराचं मागून लिहा, साहेब. आधी माझं लिहून घ्या."