तुळसाबाईची ओटी

साधनानं फलकाच्या बांबूला सुतळीची शेवटची गाठ मारली आणि पुन्हा एकदा वस्तीकडच्या पांदणीकडे पाहिलं. पांदण रिकामीच होती.

"आली का वं तुयी सासू?" वावराच्या मालकीण वच्छलाबाईंनी कडेच्या धुऱ्यावरून विचारलं.

"येतीन."

"येतीन म्हणजे? काल सांगतलं ना तू?"

साधनानं सांगितलं होतं. तुळसाबाईनं ऐकलंही होतं. पण हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती, हे वच्छलाबाईंना कसं सांगायचं ते साधनाला कळेना. तिनं फलक उगाच सरळ केला.

वच्छलाबाईंनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्याच, एका झाडाखालची जागा हातानं साफ करून पाच खडे मांडले होते. शेजारी दहीभाताचा डबा. आज सीतादही. कापसाच्या पहिल्या वेचणीला वावरात खडे मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, दहीभात चारी दिशांना शिंपडायचा आणि मग पहिलं बोंड वेचायचं. पूजा मालकिणीची, पण या वावरातलं पहिलं बोंड कित्येक वर्षं तुळसाबाईच वेचत आली होती. तिच्या घरात सासऱ्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, त्यामुळे हळदीकुंकवाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पूजा होईस्तोवर ती कमरेला वेचणीच्या फडक्याची ओटी बांधून जरा लांब उभी राहायची आणि आटोपलं की पुढे यायची. तिच्या हाताला कापूस येतो, असं वच्छलाबाईंच्या सासूनं ठरवून टाकलं होतं. सासू जाऊनही तिचं मोडायची वच्छलाबाईंची टाप नव्हती.

"ती आल्याबिगर मी बोंडाले हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "तुये पाहुणे येवोत नाहीतर कलेक्टर येवो."

पाहुणे म्हणजे ढाणकीकडचे शेतकरी. आज त्यांना हे वावर दाखवायचं होतं. दोन वर्षं लागोपाठ बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली होती, पाऊस नको तेव्हा आला होता आणि हवा तेव्हा फिरकला नव्हता. साधना वस्तीतली बारावी झालेली सून. एका संस्थेनं तिला शिकवून तयार केलं आणि आता ती गावोगाव सांगत फिरायची की एका कापसावर जीव टांगू नका. मूग घ्या, तूर घ्या, कडेनं ज्वारी पेरा, दसऱ्याला पुसदच्या बाजारात झेंडू न्या, तूर नुसती विकू नका, डाळ करून विका. पुष्कळांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन पऱ्हाटीच लावली. वच्छलाबाईंनी मात्र ऐकलं. या मोठ्या वावरात आता कापसाचे मोजकेच तास, मोजक्याच रांगा, उरल्या होत्या, बाकी सगळी तूर डोलत होती, कडेनं ज्वारी. साधनाला या वावराचा अभिमान वाटायचा, आणि का वाटू नये?

घोटाळा झाला तो पेरणीच्या आधीच्या वर्गात. समाजमंदिरात शेतकरी जमले होते. सून शिकवते कशी ते पाहायला तुळसाबाई पहिल्यांदाच आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. दाराशी बसली होती आणि शेजारणीला कोपरानं ढोसून दाखवत होती, ती पाहा, आमची. साधनानं भिंतीवर खर्चाचा कागद लावला, एकेक ओळ समजावली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आणि सगळ्यात मोठी बचत वेचणीत! वेचणीला बाया लावायचं कामच उरत नाही." शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी ती खुलली. तिनं दाराकडे पाहिलं तेव्हा तिथं शेजारीण एकटीच बसली होती, खाली मान घालून.

वेचणीची टोळी तुळसाबाईची होती. वस्तीतल्या बायांची दिवाळी, पोरांचे कपडे, मुकुटबनला दिलेल्या लेकीचं माहेरपण, सगळं त्या ओटीतून निघायचं. हे साधनाला माहीत नव्हतं असं थोडंच? तिचं स्वतःचं लग्नानंतरचं पहिलं लुगडं त्याच ओटीतून आलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

भांडण झालं नाही. तुळसाबाईनं फक्त तिला 'साधने' म्हणायचं सोडलं.

"मॅडम, चहा घेता का?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, आणि कप पुढे केला. साधनाचा नवरा धम्मरत्न आधी हसला. मग बायकोचं तोंड पाहून गप्प झाला. पुढं एकदा तो म्हणाला, "माय भांडली असती तं बरं झालं असतं." पण ती भांडली नाही. पूर्ण पावसाळाभर साधना घरात मॅडम होती. माफी मागावी असं तिला रोज वाटायचं, चुलीपुढं बसलेल्या सासूजवळ जाऊन उभीही राहायची, आणि "आत्याबाई, मीठ कुठं हाय?" असलं काहीतरी विचारून परत यायची.

"आल्या पाहा," वच्छलाबाई म्हणाल्या.

साधनानं पांदणीकडे पाहिलं, पण बाया तिकडून येत नव्हत्या. त्या खालून, नाल्याकडून येत होत्या. पुढं तुळसाबाई, मागं टोळीतल्या कांताबाई, रुखमाबाई आणि बाकीच्या. सगळ्यांच्या कमरेला ओट्या बांधलेल्या, पाय घोट्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"नाल्याकडून कायले आल्या वं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"आलो आपल्या," तुळसाबाई म्हणाली. सुनेकडे तिनं पाहिलं नाही.

पूजा झाली. दहीभात तुरीवरही पडला, ज्वारीवरही पडला. तुळसाबाई पुढं आली, झाडाचं पहिलं बोंड अलगद वेचून तिनं खड्यांवर ठेवलं, आणि बाया तासांना लागल्या. त्यांचे हात बोंडावर जात आणि बोंड रिकामं होई, त्यात काडी नाही की पाला नाही. साधना मन लावून पाहत राहिली. लग्न झालं त्या वर्षी तीही या टोळीत होती आणि तिच्या ओटीत निम्मा पाला निघायचा. तुळसाबाई तो रात्री निवडून टाकायची, कुणाला न सांगता.

कापसाचे तास संपले. ऊन अजून अंगावर यायचं होतं आणि वेचायला काही उरलं नव्हतं. एरवी या वेळी निम्मं वावरही झालेलं नसायचं. बाया धुऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. ओट्या धड भरल्याही नव्हत्या. कांताबाई सवयीनं पुढच्या तासाकडे वळली, समोर तूर पाहून थांबली आणि उगाच हसली. तिचं ते हसणं साधनाला सहन झालं नाही.

तेवढ्यात गाडी आली. पाहुणे उतरले, वावरभर फिरले, तुरीच्या फांद्या वाकवून पाहिल्या, झेंडू बाजारात कसा गेला ते वच्छलाबाईंकडून ऐकलं. मग निंबाखाली सतरंजीवर बसले. साधनानं झाडाला खर्चाचा कागद टांगला. शेवटची ओळ दिसू नये म्हणून त्याच्या खालच्या काठाला तिनं घरूनच घडी घालून आणली होती. बियाणं, खत, फवारणी. ती बोलत होती आणि तिचं अर्धं लक्ष धुऱ्याकडे होतं. बाया अजून गेल्या नव्हत्या.

"मॅडम," धुऱ्यावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"ज्याच्यापाशी सातबारा नाही, त्यायले शिकवता का तुमी?" तुळसाबाईनं विचारलं.

पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "बाई, हे शेतकऱ्यायचं ट्रेनिंग हाय."

"मी तुमाले नाही इचारलं भाऊ. मॅडमले इचारलं."

साधना झाडापासून एक पाऊल पुढं आली. "शिकवतो," ती म्हणाली. "काहून नाही शिकवणार?"

तुळसाबाईनं मान हलवली आणि वच्छलाबाईंकडे वळली. "तुमचा नाल्याकडचा तुकडा पडीत पडला हाय. आता पाहून आलो आमी. ओल धरून हाय माती. आमाले बटईनं द्याल का? निम्मं तुमचं, निम्मं आमचं."

"टोळीले?"

"टोळीच हाय ना ते. वेचत होती, आता पेरन."

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला. दहीभाताच्या रिकाम्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ह्यायले इचारतो घरी," त्या म्हणाल्या. मग धुऱ्यावर उभ्या राहिलेल्या बायांकडे पाहून म्हणाल्या, "नाही. इचारत नाही. सांगतो."

तुळसाबाई निंबाकडे आली. सतरंजी पाहुण्यांनी भरली होती. तिनं कमरेमागची गाठ सोडली. वेचणाऱ्या बाईची ओटी दिवस मावळल्याबिगर सुटत नाही, हे वस्तीतलं लहान पोरही सांगेल. तिनं त्यातला मूठपसा कापूस वच्छलाबाईंच्या गाठोड्यात टाकला, फडकं झटकलं, साधनाच्या अगदी समोर मातीवर अंथरलं आणि त्यावर मांडी घालून बसली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या बायांनी ओट्या सोडल्या. पाहुणे जरा मागं सरकले.

साधनानं कागदाकडे पाहिलं. कुठं होतो आपण? खत झालं होतं, फवारणी झाली होती.

"मी पुन्हा पह्यल्यापासून सांगतो," ती म्हणाली.

"पह्यल्यापासून नको." तुळसाबाईनं कागदाच्या खालच्या काठाकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं, पण घडी दिसत होती. "वेचणीपासून सांग."

साधनानं घडी उलगडली. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं. डोळ्यांसमोरची ओळ पुसट झाली.

"आता काहून थांबली वं?" तुळसाबाई म्हणाली. "त्या दिवशी तं नव्हती थांबली, साधने."

बाया हसल्या. साधनाही हसली, पदरानं डोळे पुसले आणि वेचणीपासून सुरुवात केली.