गाठ की सूज

सलूनवाल्याचे डोळे पिवळे झालेत, हे आधी त्याच्या गिऱ्हाइकाच्या ध्यानात आलं. माणूस दिवसभर आरशासमोर, पण लक्ष सगळं दुसऱ्यांच्या डोक्यांवर! बायकोनं थट्टा करतच त्याला दवाखान्यात पिटाळलं. साधी कावीळ असेल, असं धरून चालली होती ती. सीटी स्कॅन झाला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. स्वादुपिंडात गाठ होती आणि तिनं पित्ताची नळी दाबली होती. सर्जन म्हणाले, कॅन्सरच वाटतो. ऑपरेशन मोठं आहे, पण उशीर नको.

तिच्या धाकट्या दिरानं ऑपरेशनची तयारी सुरू केली. तेवढ्यात स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एमआरआय करायला सांगितलं. एकदा दिसलं ते दिसलं, आता काय भिंग लावून बघायचंय, असं दीर पुटपुटला.

एमआरआय झाल्यावर बाईंनी तिघांनाही पडद्यासमोर बसवलं. गाठ एकाच जागी दिसत असली तरी सगळं स्वादुपिंडच सुजलं होतं आणि त्याच्या कडेनं पातळ किनार उमटली होती. स्वादुपिंडाची स्वतःची मधली नळी गाठीपाशी अरुंद व्हायची, पण तुटत नव्हती, आरपार जात होती. कॅन्सरमध्ये ती बहुतेकदा तिथंच बंद होते आणि मागं फुगते, असं बाईंनी सांगितलं. हा दुसराच आजार असू शकतो, शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते तो. कुंपणानंच शेत खावं तसं. तो गोळ्यांनी उतरतो.

"म्हणजे कॅन्सर नाही?" तिनं विचारलं.

"तसं छातीठोक सांगत नाही. दोन्ही दिसायला जुळ्या भावांसारखे असतात."

सुई घालून तुकडा काढला. त्यात कॅन्सर सापडला नाही, पण सुई चुकूही शकते, असं सर्जनांनीच सांगितलं. रक्ताची तपासणी बाईंच्या बाजूनं झुकली. शेवटी दोघा डॉक्टरांचं ठरलं, दोन आठवडे स्टेरॉइड द्यायचं आणि पुन्हा स्कॅन करायचा. सूज असेल तर उतरेल. नाही उतरली तर ऑपरेशन.

"वहिनी, तेवढ्यात ते पसरलं तर?" दीर म्हणाला. भीती तिलाही तीच होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"गोळ्या घेतो," तो म्हणाला. "पोट काय, नंतरही फाडता येईल."

ते दिवस तिनं जीव मुठीत धरून काढले. सकाळी उठल्या उठल्या त्याला खिडकीपाशी नेऊन त्याचे डोळे बघायची. पिवळेपणा ओसरतोय असं वाटायचं. मग वाटायचं, आपल्याला हवं तेच दिसतंय. त्याची भूक वाढली तर तिला आणखीच धास्ती. भूक गोळ्यांनीही वाढते, हे बाईंनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी दीर बाहेरच थांबला, आत यायला तो धजेना. बाईंनी जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी लावलं. नव्यात गाठ जवळजवळ विरली होती, पित्ताची नळीही मोकळी झाली होती.

"कॅन्सर असा गोळ्यांनी आटत नाही," बाई म्हणाल्या. "पण हा आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. तपासणीला येत राहायचं."

तिनं मान डोलावली. सकाळपासून उपाशी होती, तरी दोन्ही चित्रांकडे बघत तशीच बसून राहिली. नवऱ्यानं तिच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. आणि दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावाला तोच म्हणाला, "चल, हिला आधी काहीतरी खायला घालू."