चालवणाऱ्याचं वजन

हिंजवडीतल्या अभयसाहेबांची साठच्या दशकातली दोन सीटची स्पोर्ट्सकार मी हडपसरच्या माझ्या गॅरेजमध्ये नव्यानं उभी करत होतो. गाडी इतकी हलकी की स्प्रिंगा चालवणाऱ्याच्या वजनावर लावाव्या लागतात. म्हणून साहेब आले की त्यांना आधी काट्यावर उभं करायचो. जूनमध्ये अठ्ठ्याहत्तर किलो भरले, ऑगस्टमध्ये एकाहत्तर, दिवाळीनंतर त्रेसष्ट.

माझं डोकंच फिरलं. "अहो, डाएट काय ते एकदाच उरकून या! दर वेळी उसवायला मी काय स्वेटर विणतोय?"

त्यांनी टोपी काढली. डोक्यावर एकही केस नव्हता.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले आणि दारात थांबलेल्या बायकोकडे वळले. "दीपाली, काट्यावर तू उभी राहा."