जहाजाखालून गेलेली लाट

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी तात्याराव बनसोडे यांच्या मोबाइलवर मुंबईहून जहाज कंपनीचा फोन आला. पलीकडच्या बाईंनी राजपाल बनसोडे तुमचाच मुलगा ना, हे विचारून घेतलं आणि कागदावरून वाचावं तसं सांगितलं. दक्षिण आफ्रिकेहून कोळसा घेऊन निघालेल्या जहाजानं शनिवारी दुपारी बारा वाजता आपली जागा कळवली होती. समुद्र खवळलेला आहे, वेग कमी केला आहे, असंही कळवलं होतं. त्यानंतर रविवारचा आणि सोमवारचा निरोप आलेला नाही. प्रयत्न चालू आहेत.

राजपाल चोवीस वर्षांचा. जहाजाच्या भटारखान्यात मदतनीस. नोकरीला लागून सात महिने झाले होते.

तात्यारावांनी फोन खिशात ठेवला आणि बायकोला जसंच्या तसं सांगितलं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं कालवा चौकीदार म्हणून काढलेला माणूस. रोज सकाळी आठला पट्टीवरची पाण्याची उंची बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. न बघितलेला आकडा त्यांनी कधी लिहिला नव्हता.

"एखाद्या दिवशीचा आकडा चुकला म्हणजे कालवा फुटला असं नसतंय," ते मथुराबाईंना म्हणाले. "कधी चौकीदाराची सायकल पंक्चर असती."

"दोन दिवस?"

"दोन दिवस बी असती."

मथुराबाई कळंबच्या या घरात ज्या ओट्यापाशी उभ्या होत्या, तिथंच खाली बसल्या. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता. चैत्यभूमीला गेल्या तेव्हा, सहा डिसेंबरला, दर्शनाची रांग सुटल्यावर. भरती होती. लाट यायची, आपटायची, फुटायची, की लगेच मागून दुसरी. शेजारच्या सीताबाईंची चप्पल तेव्हाच वाहून गेली होती. मथुराबाईंच्या डोक्यात सगळा समुद्र तसाच होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता आपटणारा. त्यात त्यांचं पोरगं.

दुपारी श्रावस्ती घरी आली. ती राजपालची मोठी बहीण, गावातल्याच कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची. तोवर तात्यारावांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला होता.

"कालव्याचं पाणी मुखापासून शेपटापर्यंत जायला आमाला तीस तास लागायचे," ते म्हणाले. "मुखाला करडीचा पाला सोडायचा अन् सायकलीवर पुढं जाऊन बसायचं. पाला आला की वेळ लिहायची. तसं शनवारी त्याच्या जहाजापाशी जे पाणी होतं, ते कधी कुठं लागंल? जहाजाचं काही पडलं-झडलं असंल तर त्याच्यासंगं येईलच की."

श्रावस्ती वही बघत राहिली. आकडेमोड बरोबर होती, पाया चुकलेला होता.

"बाबा, चला धोंडीबाकाकांच्या शेततळ्यावर. माय, तूपण चल."

"मी कशाला? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुझ्यासाठीच चाललोय."

धोंडीबा तात्यारावांचे मित्र. शेत गावालगतच. एप्रिलमुळं तळं निम्म्यावर आलं होतं, पण ऊन कलताना पश्चिमेचा वारा सुटला होता. श्रावस्तीनं कडब्यातलं एक ताट सोलून आतल्या भेंडाचा बोटभर तुकडा काढला आणि वारा पडल्यावर पाण्यात टाकला. मग थोड्या अंतरावर दगड. कडी पसरत गेली, तुकड्याखालून गेली. तुकडा वर झाला, खाली झाला आणि जिथं होता तिथंच राहिला. तिनं आणखी चार दगड टाकले. तुकडा कुठं गेला नाही.

"कालव्यात पाणीच चालतं, बाबा. समुद्रात लाट चालते, पाणी जागेवर राहतं. लाट जहाजाला उचलती अन् होतं तिथं खाली ठेवती."

तात्याराव वाकून बराच वेळ त्या तुकड्याकडं बघत होते. "म्हंजे माझा हिशेब चुकला," ते म्हणाले.

"पाण्याचा चुकला. लाटेचा मांडता येईल."

पुन्हा वारा आला. श्रावस्तीनं आईला हाताला धरून कडेनं फिरवलं. वारा जिथून तळ्यावर उतरत होता तिथं पाण्याला नुसता काटा आल्यासारखा होत होता. पलीकडच्या टोकाला चांगल्या बोटभर लाटा होत्या. "वारा जितका लांबवर पाण्याला रेटत जाईल, तितकी लाट मोठी होते. इथं वाऱ्याला पन्नास पावलं मिळाली. तिकडं दक्षिणेला हजार-हजार मैल मिळतात. एकदा झाली, की वारा मागं राहिला तरी ती चालतच राहते. म्हणून कधी आभाळ निवळ, वारा नाही, तरी लाटा येतात. दूरच्या वादळाच्या असतात."

"पण फुटती तर हायच ना," मथुराबाई म्हणाल्या.

"ती काठाला. नांगरलेल्या रानातनं पळताना ढेकळात पाय अडकला की माणूस कसा पडतो? पाय मागं, अंग पुढं. काठाला पाणी उथळ होतं, लाटेचा पाय तळाला घासतो, डोकं पुढं पळतं, मग ती कोसळते. तू चैत्यभूमीला जे बघितलंस ते हेच. राजपालच्या खाली कोसकोस पाणी आहे. पायाला लागायला काहीच नाही."

मथुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "तो म्हणला होता फोनवर. परातीखाली ओलं फडकं घालतो, मग कणीक पळत न्हाय म्हणून. नुसतं हालतंय म्हणला, आपटतंय असं न्हाय म्हणला."

"मग? समुद्रातलं आईपेक्षा जहाजाला जास्त कळतं," एव्हाना मागं येऊन उभे राहिलेले धोंडीबा म्हणाले. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यांनी चहाचं विचारलं.

परतताना मथुराबाई धोंडीबांच्या सुनेशी बोलत मागं राहिल्या. तात्याराव हळू आवाजात म्हणाले, "श्रावू, ते काठाचं झालं. जहाज त्या वादळाच्या आतच असलं तर?"

आई किती मागं आहे ते श्रावस्तीनं वळून बघितलं.

"तर खोल पाण्यातही फुटतात. वारा इतका रेटतो, की लाट फार उभी होते अन् माथ्यावरून कोसळते."

"शनवारी ते आत होतं का बाहेर?"

"मला माहीत नाही, बाबा."

"बरं केलंस. न्हाय माहीत तर न्हाय म्हणावं."

त्या संध्याकाळी तिनं नवा हिशेब मांडला. सोळा सेकंदांनी येणारी लाट ताशी पंचेचाळीस किलोमीटरनं पुढं सरकते, दिवसाला सुमारे हजार-अकराशे. जहाजाच्या शनिवारच्या जागेपासून रत्नागिरी सहा हजारांच्या वर. म्हणजे शुक्रवारी सकाळच्या आसपास. तात्यारावांनी तो आकडा स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवला आणि पुढची जागा मोकळी सोडली.

मथुराबाई भाकरी थापत होत्या. "त्याच्या खालून गेलेली लाट आपल्याकडं येती म्हणतीस?"

"कोकणात येते, माय."

"बघता येईल?"

बुधवार गेला. गुरुवारी मुंबईच्या बाई म्हणाल्या, जवळून जाणाऱ्या दुसऱ्या एका जहाजाला लक्ष ठेवायला सांगितलं आहे. गुरुवारी दुपारीच सागरी अंदाजाची सरकारी सूचना आली: कोकण किनाऱ्यावर दूरच्या उसळीच्या लाटा, मच्छीमारांनी होड्या काठाला एकमेकींना खेटून बांधू नयेत. श्रावस्तीनं दीपमालाला फोन केला. दीपमाला येडशीची, तिची कॉलेजातली मैत्रीण, आता रत्नागिरीत नोकरीला.

शुक्रवारी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी व्हिडिओ आला. चार मिनिटांचा. आभाळ स्वच्छ होतं, माडाचं पान हलत नव्हतं. पाणी सपाट दिसत होतं. मग लांबवर एक लांबलचक वळी उठली, घाई न करता आली, काठाजवळ उंच झाली आणि कोसळली. मग बराच वेळ काही नाही.

तात्यारावांनी हातातलं घड्याळ काढून मोबाइलशेजारी ठेवलं. पहिल्या दोन लाटा त्यांनी नुसत्या बघितल्या. मग मोजलं. सोळा. पुन्हा सोळा. एकदा सतरा.

"लिहू का?" त्यांनी विचारलं.

"लिहा. तुम्ही बघितलंय."

मथुराबाई मोबाइल हातात घेऊन पुढं वाकल्या. "हीच का गं ती?"

"हीच म्हणून सांगता येत नाही, माय. पण तिकडूनच निघालेली."

"लई दमानं आली." त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा बघताना, काठ यायच्या आधी, लाट नुसती उचललेली असताना त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, तर व्हिडिओ थांबला. त्यांनी तो तसाच थांबू दिला. "इथं असताना फुटत न्हाय ना?"

"नाही."

"अन् तू मला अर्धंच सांगितलंस, ते मला तळ्यावरच कळलं होतं. तुझा बाप माझ्या माघारी तुला काही विचारंल, म्हणून तर मी त्या सुनेपाशी रेंगाळले."

श्रावस्तीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मथुराबाईंच्या हाताला पिठाचा वास होता. तात्याराव उठून बाहेर गेले, घड्याळ तिथंच राहिलं.

दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी मुंबईचा फोन आला. जहाजाची दोन ओळींची ई-मेल आली होती. शनिवारी रात्री मोठ्या लाटेनं जहाज चालवायच्या वरच्या खोलीच्या काचा फुटून संपर्काची यंत्रं बंद पडली, त्यातलं एक आता सुरू झालं, एक जीवरक्षक होडी गेली, इंजिन मंद वेगानं चालू आहे, तोंड उत्तरेला आहे. निघताना बावीसजण होते. बावीसही जहाजावर आहेत. दोघांना मार लागला आहे.

"कोण दोघं?" तात्यारावांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, नावं ई-मेलमध्ये नाहीत. विचारलं आहे.

संध्याकाळी सहा वाजेपर्यंत नावं आलेली नव्हती.