वहीतली शून्यं

तिप्पेशच्या पायात गुठळी झाली त्याच दिवशी नव्या औषधाची ट्रायल थांबली. अठरा जणांची इंजेक्शनं बंद.

आम्ही अठराही हिमोफिलियावाले. रक्त गोठत नाही. जखम सोडा, नुसती कूस बदलली तरी गुडघ्यात रक्त उतरायचं, गुडघ्याचा नारळ व्हायचा. नेहमीचं औषध आमच्यावर चालत नाही, अंगच ते खाऊन टाकतं. रक्त उतरलं की एक जालीम औषध टोचून तेवढ्यापुरतं थांबवायचो. मग हे नवीन आलं. आठवड्यातून एकदा, पोटाची कातडी चिमटीत धरून. बावीस वर्षांचा घोडा मी, सातव्या महिन्यात पहिल्यांदा सायकल चालवली. पडलो. मजा आली.

नियम दोनच. रक्त उतरलं की वहीत लिहायचं. आणि दवाखान्याला फोन करायचा, घरात उरलेलं ते जुनं जालीम औषध आपल्या मनानं टोचायचं नाही. जुनं-नवं एकत्र आलं तर रक्त नको तिथे गोठतं.

आता खरं सांगतो. वहीत आम्ही शून्य लिहायचो. सगळेच. लहानपणापासूनची खोड. लागलंय म्हटलं की अव्वा, म्हणजे आई, आधी रडणार, मग खेळ बंद, शाळा बंद, पहिल्या बसनं दावणगेरेचा दवाखाना. म्हणून सुजलेला घोटा पॅन्टखाली लपवायचा आणि हसत चालायचं. या लपवालपवीत आम्ही पदवीधर. वर तिप्पेशची शिकवणी, "शून्य लिहा रे लेकांनो. औषध पास झालं पाहिजे. तुमचे घोटे बघून कंपनी पळाली म्हणजे?"

आणि त्याच्याच मांडीत उतरलं. वहीत शून्य. फोन नाही. फ्रिजमध्ये डोशाच्या पिठामागे जुन्या बाटल्या होत्या, दोन दिवसांत चार टोचल्या.

वॉर्डात गेलो तर पाय खांबासारखा. बाटल्यांचं त्यानंच मला कानात सांगितलं.

"कुणाला बोललास तर बघ, हालेश."

"डॉक्टरांना नाही सांगितलंस?"

"काय सांगू? हाकलतील मला."

"अरे गाढवा, ते समजतायत नव्या औषधानं झालं. औषधच कायमचं बंद करतील! आणि तुला काय झालंय हेच माहीत नसेल तर तुझ्यावर तरी काय इलाज करणार, कप्पाळ?"

"आला मोठा हरिश्चंद्र. तुझ्या वहीत काय आहे रे?"

मी वही काखेत मारली. मग म्हटलं, "अकराला मीटिंग आहे. त्याआधी तू सांग. नाहीतर मी सांगणार."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

अकरा वाजता मीटिंगच्या दारात वीरेश उभा. ट्रायलची कागदपत्रं तोच बघतो. "आत जायचं नाही. बेंगळुरूहून कंपनीची माणसं आलीत."

"कशाची मीटिंग आहे?"

"ट्रायलची."

"म्हणजे माझ्या रक्ताची. सरक."

आत तीन अनोळखी माणसं आणि आमच्या डॉक्टर सुमंगला. त्यांचा चेहरा उतरलेला. मी वही टेबलावर टाकली.

"मॅडम, तिप्पेशनं जुनं औषध टोचलंय. चार बाटल्या. आधी त्याचं बघा."

मॅडम खुर्ची ढकलून धावतच गेल्या. मी उरलेल्यांकडे वळलो. "आणि ही वही खोटी आहे. माझं चारदा उतरलंय. तारखा सांगतो, घ्या लिहून."

त्यातल्या म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "सगळी माहिती खराब केलीत तुम्ही. कळतंय का?"

"कळतंय. आधी महिन्याला चारदा उतरायचं, आता सात महिन्यांत चारदा. एवढंच लिहिलं असतं तरी औषध जिंकत होतं. आम्ही मूर्ख, मान्य. पण साहेब, अठरा जण, सात महिने, सगळीकडे शून्य! इतकं निर्भेळ दूध तुमच्या बेंगळुरूत मिळतं का? तुम्हाला कुणालाच खटकलं नाही?"

म्हाताऱ्यानं चष्मा पुन्हा चढवला.

"खोटं लिहिणाऱ्याला ट्रायलमध्ये ठेवता येत नाही," तो म्हणाला.

"काढा. पण बाकीच्यांना खरं लिहायची संधी द्या. आणि औषधाच्या माथी ही गुठळी मारू नका."

काढलंच. मला आणि तिप्पेशला. बाकी सोळा जणांना आठ दिवस दिले; सोळाही जणांनी लिहून दिलं, कुणी तीनदा, कुणी सहादा. महिन्याभरानं त्यांची इंजेक्शनं सुरू झाली. माझा गुडघा पुन्हा नारळ.

तिप्पेशचा फोन आला. पहिली दोन मिनिटं नुसत्या शिव्या. मग, "तुझ्यामुळे औषध गेलं माझं."

"गेलं. पाय आहे ना?"

"...आहे."

"मग ऐक. कंपनीकडे अर्ज केलाय. ट्रायलमधून काढलं तरी औषध मिळालंच पाहिजे. आपल्या अंगावर शिकले ते. सोळा जणांनी सह्या केल्यात. तू करणार?"

"इंग्रजीत लिहिलास?"

"कन्नडात. गरज असेल तर घेतील वाचून."

तो हसला बहुतेक. "आण. पण शिव्या बंद होणार नाहीत."

"कोण म्हणतंय बंद कर?"